ग्रँट लिहायला शिकवणारी कार्यशाळा : फी भरून जावं का? (ठाणे-नवी मुंबई)

सूक्ष्मदर्शी

नमस्कार मंडळी,

मी नवी मुंबईतल्या एका वैद्यकीय महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. वाशीच्या एका हॉटेलात पुढच्या महिन्यात तीन दिवसांची 'संशोधन प्रस्ताव लेखन' कार्यशाळा आहे. कॉलेज रजा द्यायला तयार आहे, पैसे द्यायला नाही. फी माझ्या पगाराच्या मानाने जडच आहे.

विषय माझ्याकडे आहे : लेप्टोस्पायरोसिस. जून ते सप्टेंबर आमच्या लॅबमध्ये तापाच्या नमुन्यांची रीघ लागते आणि लेप्टोचं निदान हमखास उशिरा होतं. आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद) स्मॉल ग्रँटसाठी, म्हणजे छोट्या अनुदानासाठी, अर्ज करायचा विचार आहे. अडचण अशी की आमच्या विभागात आजवर कोणी बाहेरून अनुदान आणलेलंच नाही, त्यामुळे विचारायचं कोणाला हाच प्रश्न आहे. एचओडी म्हणतात, "कर ना, चांगलं आहे." त्यापुढे गाडी सरकत नाही.

अशा कार्यशाळांचा खरंच उपयोग होतो का? कोणी गेलंय का? याशिवाय दुसरं काही उपलब्ध आहे का?

डॉ_घोडबंदर

ताई, स्पष्ट बोलतो, राग मानू नका. यातल्या निम्म्या कार्यशाळा म्हणजे प्रमाणपत्र, पिशवी, पेन आणि दुपारचं जेवण. पहिल्या दिवशी 'संशोधन म्हणजे काय', दुसऱ्या दिवशी 'चांगला प्रश्न कसा असावा', तिसऱ्या दिवशी ग्रुप फोटो. तलावपाळीच्या कट्ट्यावर बसून पोहण्याचं व्याख्यान ऐकावं तसा प्रकार.

आधीच बीसीबीआर (संशोधनाचा तो प्राथमिक ऑनलाइन कोर्स) करून झालं असेलच तुमचं. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने (एनएमसी) सक्तीचं केल्यापासून सगळेच करतात. त्याने किती जणांनी प्रस्ताव लिहिले?

पालकभाजी

वाखुसा (वाचनखूण साठवली). पुभाप्र (पुढील भागाच्या प्रतीक्षेत).

मीनल_ठाणे

@डॉ_घोडबंदर, निम्मं सहमत. पण बीसीबीआरला उगाच मध्ये ओढू नका. चेन्नईच्या आयसीएमआर-एनआयईचा (राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्था) तो कोर्स संशोधनाची मुळाक्षरं शिकवतो : प्रश्न कसा बांधायचा, अभ्यासाचा आराखडा कोणता, नमुना किती. शिकायला फुकट आहे आणि नीट केला तर चांगला आहे. प्रस्ताव लिहून घेणं हे त्याचं कामच नव्हे.

मी अमेरिकेत पोस्टडॉक (पीएचडीनंतरचं संशोधन) करून दोन वर्षांपूर्वी परत आले. तिथे एनआयएचने, म्हणजे वैद्यकीय संशोधनाला पैसे देणाऱ्या सरकारी संस्थेने, २०१४ मध्ये नॅशनल रिसर्च मेंटॉरिंग नेटवर्क सुरू केलं. त्यात ग्रँट लिहिणाऱ्यांचे छोटे गट असायचे. प्रत्येकाकडे स्वतःचा खरा प्रस्ताव, गटाला एक अनुभवी प्रशिक्षक, आणि हे महिनोन्‌महिने चालायचं. दर बैठकीला कोणाच्या तरी एका पानाची चिरफाड व्हायची. व्याख्यानं जवळपास नसायचीच.

हे सुरू का झालं तेही सांगते. २०११ मध्ये 'सायन्स'मध्ये एक अभ्यास आला. शिक्षण, प्रशिक्षण, प्रकाशनं वगैरे सगळं हिशेबात धरूनही कृष्णवर्णीय संशोधकांना एनआयएचचं अनुदान मिळण्याचं प्रमाण गोऱ्या संशोधकांपेक्षा सुमारे १० टक्के-गुणांनी कमी निघालं. मोठी खळबळ उडाली. कोणाच्या पाठीशी सांगणारं माणूस असतं आणि कोणाच्या नसतं, हा त्यातला एक भाग. सूक्ष्मदर्शींची अडचण वेगळ्या देशातली, पण जातकुळी तीच : विभागात विचारायला कोणी नाही.

आणि प्रशिक्षण म्हणजे रामबाण नव्हे, हेही खरं. २०१९ च्या अभ्यासात दिसलं की त्या तफावतीचा पाचव्या हिश्श्याहून जास्त भाग निवडलेल्या विषयामुळे पडतो. लोकसमूहांच्या पातळीवरचे विषय पॅनेलवर मागे पडत होते, रेणू-पेशींचे पुढे जात होते. तिथे सुंदर लिहून काय उपयोग?

नौपाड्याचा_आजोबा

धागा आवडला. मी एका राष्ट्रीय प्रयोगशाळेतून निवृत्त झालो. परीक्षण समित्यांवर बरीच वर्षं बसलो, त्यामुळे टेबलाच्या त्या बाजूने दोन शब्द.

परीक्षकाकडे गठ्ठा येतो. तो स्वतःचं काम आटोपून, रात्री जेवणानंतर वाचायला बसतो. तुमच्या विषयातला तो असेलच असं नाही, तुमचा लेप्टो तर दुसरा मधुमेहवाला. पहिलं पान वाचून त्याचं मत बनतं आणि उरलेली पानं तो त्या मताला पुरावा म्हणून वाचतो. अन्याय वाटेल, पण असंच होतं.

इंग्रजी कच्चं म्हणून प्रस्ताव पडताना मी फारसे पाहिले नाहीत. पडतात ते तीन ठिकाणी. एक, नेमकं काय माहीत नाही आणि ते कळल्यावर कोण काय वेगळं करेल, हेच लिहिलेलं नसतं. दोन, नमुन्याची संख्या हवेतून आलेली. तीन, काम कोण करणार याचा पत्ता नाही : प्रमुख संशोधक आठवड्याला सहा दिवस ओपीडीत आणि सहसंशोधक म्हणून डीनसाहेबांचं नाव.

कार्यशाळेत जावं का? आयोजकांना एकच विचारा : माझा मसुदा तुम्ही वाचणार का? वाचणार असतील तर कोण वाचणार?

मसुदा असेल तर इथेच टाका की. पहिला परिच्छेद पुरे.

लेखापाल_कोपरखैरणे

मी एका ट्रस्ट हॉस्पिटलच्या अकाउंट्समध्ये आहे. डॉक्टर लोक ग्रँट आणतात, मग पुढे आम्ही असतो. अवांतर वाटेल, पण बजेटचं पान कोणीच शिकवत नाही. किटचा भाव जीएसटी न धरता लिहितात. किट सहा महिन्यांत एक्सपायर होणार असतं आणि खरेदी दाखवलेली असते एकदम तीन वर्षांची. मनुष्यबळात जे पद दाखवलंय ते त्या संस्थेच्या यादीतच नसतं. मग मंजुरी आल्यावर धावाधाव. दुसऱ्या वर्षाचा हप्ता युटिलायझेशन सर्टिफिकेट गेल्याशिवाय सुटत नाही, आणि ते १२-ए नमुन्यात लागतं हे मार्च संपल्यावर कळतं.

अर्ज भरायच्या आधी आपल्या अकाउंट्सवाल्याला चहा पाजा. खरंच सांगतो.

सूक्ष्मदर्शी

सगळ्यांचे आभार. आजोबा, धीर करून टाकते. मूळ इंग्रजीत आहे, इथे मराठीत :

"लेप्टोस्पायरोसिस हा जगभर आढळणारा प्राणिजन्य आजार आहे. उष्णकटिबंधीय देशांत त्याचे प्रमाण जास्त आहे. पावसाळ्यात व पूर आल्यानंतर रुग्णसंख्या वाढते. या आजाराचे लवकर निदान होणे अत्यंत महत्त्वाचे आहे. प्रस्तुत अभ्यासात तापाच्या २०० रुग्णांचे नमुने पीसीआर व आयजीएम एलायझा या दोन्ही पद्धतींनी तपासून त्यांची तुलना केली जाईल."

नौपाड्याचा_आजोबा

धीर केलात, शाब्बास. आता ऐका.

पहिली चार वाक्यं काढून टाका. ती खोटी नाहीत, पण ती कोणीही कुठेही लिहू शकतो. जगभरात वर्षाला सुमारे १०.३ लाख रुग्ण आणि ५८,९०० मृत्यू हा २०१५ चा अंदाज आहे, तोही घातलात तरी तुमचं भागणार नाही, कारण परीक्षकाला तो ठाऊक असतो किंवा त्याला त्याचं काही पडलेलं नसतं. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईत लेप्टोची जी साथ आली ती या भागात कोणी विसरलेलं नाही. तुमचं म्हणणं त्याहून बारीक आणि नेमकं आहे, फक्त ते तुम्ही लिहिलेलं नाही.

मला सांगा : तुमच्याकडे रुग्ण तापाच्या कितव्या दिवशी येतो? आयजीएम, म्हणजे जंतूविरुद्ध शरीर तयार करतं ते प्रतिपिंड, वर यायला साधारण पाच ते सात दिवस लागतात. रुग्ण तिसऱ्या दिवशी आला तर ते प्रतिपिंड शोधणारी एलायझा 'निगेटिव्ह' म्हणणार आणि वॉर्डातला निवासी डॉक्टर लेप्टो डोक्यातून काढून टाकणार. याउलट त्या पहिल्या आठवड्यात जंतूचा डीएनए रक्तात असतो, म्हणजे पीसीआर तेव्हाच चालते. तुमचा प्रश्न इथे आहे. 'तुलना' हा प्रश्न नव्हे.

दुसरं. पीसीआर आणि एलायझा यांची एकमेकांशी तुलना केलीत आणि उत्तरं वेगळी आली, तर खरं कोण? पंच कोण ते आधी ठरवा. लेप्टोसाठी तो मान एमएटीचा (जिवंत जंतू रुग्णाच्या रक्तद्रवात मिसळून ते गोळा होतात का हे बघणारी चाचणी), आणि तोही दोन नमुन्यांवर, एक आजारात आणि एक साधारण दोन आठवड्यांनी. एमएटीला जिवंत जंतूंचे संच सांभाळावे लागतात, ते तुमच्या लॅबमध्ये होणार नाही. पोर्ट ब्लेअरच्या आयसीएमआर केंद्राचं या कामात नाव आहे, त्यांच्याशी आधी बोला आणि त्यांचं संमतिपत्र अर्जाला जोडा.

ऐरोली_बायोस्टॅट

आजोबांनी नमुन्याच्या संख्येचं मला ठेवलं, आभार. माझं रोजचं कामच हे, महापेच्या एका कंपनीत.

२०० कुठून आले? बहुतेक "एका पावसाळ्यात एवढे होतील" म्हणून. आता हिशेब करू. तापाच्या दर १०० रुग्णांत १० खरे लेप्टोचे आहेत असं धरू (हा आकडा उदाहरणापुरता, तुमचा तुम्ही काढा). म्हणजे २०० मध्ये २०. पीसीआरने त्यातले १६ पकडले तर संवेदनशीलता ८० टक्के. ऐकायला छान. पण २० रुग्णांवर काढलेल्या ८० टक्क्यांची ९५ टक्के विश्वासमर्यादा, म्हणजे खरा आकडा जिथे असू शकतो ती कक्षा, येते साधारण ५६ ते ९४. म्हणजे चाचणी उत्तम असेल किंवा नाणं उडवण्याच्या जवळपासची असेल, दोन्ही शक्य. यासाठी पैसे कोण देईल?

दोन्ही बाजूंना १० टक्क्यांपर्यंतची चूक चालवायची असेल तर खरे लेप्टोचे रुग्ण ६२ लागतात. दहात एक या दराने तापाचे ६२० रुग्ण. वर दुसऱ्या नमुन्याला सगळे परत येणार नाहीत, ती गळती धरा. एका रुग्णालयात एका पावसाळ्यात हे अवघड आहे. दोन पावसाळे घ्या किंवा दुसरं केंद्र जोडा. ठाणे, कळवा, कामोठे, नेरूळ, एवढी रुग्णालयं एका लोकलच्या अंतरावर आहेत.

सूक्ष्मदर्शी

बापरे. २०० चा आकडा अगदी तुम्ही म्हणता तसाच आला होता.

तापाचा दिवस आमच्या मागणीपत्रावर लिहिलेला असतो, पण रजिस्टरमध्ये कोणी चढवत नाही. गेल्या दोन मोसमांची मागणीपत्रं गठ्ठ्यात आहेत. निवासी मुलींना घेऊन काढायला बसते.

दुसऱ्या नमुन्याला रुग्ण परत येत नाहीत, हे मात्र खरंच होणार. बरं वाटलं की कोण येतंय? रोजंदारीवरचा माणूस एक दिवस बुडवून रक्त द्यायला खारघरला येणार नाही.

मीनल_ठाणे

मग तेच प्रस्तावात लिहा! "परत न येणारे रुग्ण" ही तुमची कमजोरी नाही, ती तुम्हाला माहीत आहे हे दाखवणं हीच ताकद आहे. फील्ड वर्कर घरी जाऊन नमुना घेईल, त्याचा पगार आणि प्रवासखर्च बजेटमध्ये. रुग्णाला प्रवासभत्ता द्यायचा असेल तर एथिक्स कमिटीपुढे तो मांडा, आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत त्याला जागा आहे.

पहिला परिच्छेद मी असा लिहिला असता (आकडे तुमचे भरा) :

"आमच्या रुग्णालयात पावसाळी ताप घेऊन येणाऱ्या दर १०० रुग्णांपैकी __ जण आजाराच्या पहिल्या पाच दिवसांत येतात. उपलब्ध आयजीएम चाचणी या काळात लेप्टोस्पायरोसिस हुकवू शकते व उपचाराचा निर्णय अंदाजाने घ्यावा लागतो. पहिल्या आठवड्यात रक्तावरील पीसीआर किती रुग्ण अचूक ओळखते, हे आम्ही दोन केंद्रांतील ६२० हून अधिक रुग्णांवर, जोडनमुन्यांच्या एमएटीशी ताडून मोजणार आहोत. त्यावरून तापाच्या कोणत्या दिवशी कोणती चाचणी मागवावी, याचा तक्ता वॉर्डाला देता येईल."

शेवटचं वाक्य महत्त्वाचं. वॉर्डात भिंतीवर लागणारी एक वस्तू दिसते त्यातून.

डॉ_घोडबंदर

च्यायला, हे तर कार्यशाळेपेक्षा भारी झालं. माझे शब्द मागे घेत नाही, पण दंडवत.

एक शंका. हे सगळं चॅटजीपीटीला सांगितलं तर दोन मिनिटांत लिहून देत नाही का?

ऐरोली_बायोस्टॅट

भाषा देईल. तुमच्या मागणीपत्रांचा गठ्ठा त्याच्याकडे नाही. २०० रुग्ण मागितलेत तर २०० चं समर्थनही तितक्याच गोड शब्दांत लिहून देईल.

शिवाय नियम बघा. एनआयएचने २५ सप्टेंबर २०२५ पासून बऱ्याच अंशी एआयने तयार केलेले अर्ज ग्राह्य धरणार नाही असं सांगितलंय आणि एका प्रमुख संशोधकाला वर्षाला सहाच अर्जांची मर्यादा घातलीय. परीक्षकांना तर २०२३ पासूनच अर्ज अशा साधनांत टाकायला बंदी आहे, गोपनीयतेचा भंग म्हणून. तुमचा न छापलेला विचार तुम्ही स्वतः कुठे चिकटवताय, त्याचाही विचार करा.

नवीन_पनवेलकर

एनआयएचचा विषय निघालाच आहे तर : तिथे थेट अर्ज करणं आपल्याला झेपेल का? आमचे एक सर म्हणतात डॉलरमध्ये पैसे येतात.

मीनल_ठाणे

येतात, पण वाट लांब आहे. संस्थेची एफसीआरए नोंदणी (परदेशी पैसे घ्यायला लागते ती), अमेरिकन सरकारच्या सॅम पोर्टलवर संस्थेची नोंदणी, आणि परदेशी सहकार्याच्या प्रकल्पाला आरोग्य मंत्रालयाच्या स्क्रीनिंग कमिटीची मंजुरी. पहिल्याच अर्जासाठी मी कोणाला तिकडे पाठवणार नाही. पण त्यांचं साहित्य मात्र जरूर वाचा. एनआयएआयडीने (एनआयएचची संसर्गरोगांची संस्था) मंजूर झालेले अर्ज आणि त्यांवरचे परीक्षकांचे शेरे, दोन्ही संकेतस्थळावर ठेवलेत. तिथला 'स्पेसिफिक एम्स' (नेमकी उद्दिष्टं) हा एका पानाचा भाग नुसता वाचला तरी डोळे उघडतात. पुढचा संशोधनाचा भाग आर०१ या नेहमीच्या मोठ्या अनुदानाला १२ पानं आणि आर२१ या छोट्याला ६, त्याहून एक ओळ जास्त नाही. नकली परीक्षण बैठकीचे व्हिडिओही एनआयएचने काढलेत, समितीत माणसं कशी बोलतात ते त्यात बघायला मिळतं.

इथे बघायचं तर आयसीएमआरची स्मॉल ग्रँट २ कोटींपर्यंत, त्यावर २ ते ८ कोटींची इंटरमीडिएट. विज्ञान संशोधनाला केंद्राचे पैसे देणाऱ्या सर्बच्या जागी आता एएनआरएफ आलंय, तिथे नव्या प्राध्यापकांसाठी पीएम अर्ली करिअर ग्रँट आहे. उद्या पीसीआरचं किट बनवावंसं वाटलं तर बायरॅकचं (जैवतंत्रज्ञान उद्योगांना मदत करणारी सरकारी कंपनी) बिग हे अनुदान, १८ महिन्यांना ५० लाखांपर्यंत. आणि डीबीटी (केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग) व ब्रिटनची वेलकम ट्रस्ट यांची इंडिया अलायन्स आहेच. २००८ पासून फेलोशिप देतात, आणि प्रस्ताव-लेखन, विज्ञान संवाद आणि डॉक्टर-संशोधकांसाठीच्या कार्यशाळाही घेत आलेत. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्यांच्या तिसऱ्या टप्प्याला मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली, १५०० कोटी, त्यातले १००० डीबीटीचे. पैसे खर्चून वाशीला जाण्याआधी त्यांच्या घोषणांवर लक्ष ठेवा.

लेखापाल_कोपरखैरणे

फील्ड वर्कर म्हटलंत तर त्याचं पद आयसीएमआरच्या यादीत काय नावाने आहे ते बघूनच लिहा. नमुने पोर्ट ब्लेअरला पाठवायचे म्हणजे थंड साखळीचं कुरियर, ते 'किरकोळ खर्चा'त बसत नाही, वेगळी ओळ दाखवा.

निशाचर_कळवा

मी सरकारी बाजूचा. सगळं छान बोललात, पण मूळ दुखण्यावर कोणी बोट ठेवलं नाही. वेळ! मला सकाळी ओपीडी, दुपारी वॉर्ड, आठवड्यातून दोनदा इमर्जन्सी. प्रस्ताव रात्री बाराला लिहायचा, मंजूर झाला तर रिपोर्टिंगही रात्री बाराला. मागे आमच्यातल्या एकाने मंजूर झालेली ग्रँट परत केली, कारण मशीन बसवायला खोली मिळाली नाही. कार्यशाळेत डीन आणि अधीक्षकांना बसवा एक दिवस.

नौपाड्याचा_आजोबा

@निशाचर, मान्य. आणि म्हणूनच मी 'काम कोण करणार' या पानाला एवढा भाव देतो. संस्थेचं पत्र मागताना छापील मजकुरावर सही घेऊ नका. खोली क्रमांक, आठवड्यातले मोकळे तास, विजेची सोय, सगळं त्या पत्रात लिहून घ्या. सही करणाऱ्याला तेव्हा अडचण वाटली तर बरंच आहे, मंजुरीनंतर वाटण्यापेक्षा. परीक्षकालाही असं पत्र लगेच ओळखू येतं.

सूक्ष्मदर्शी

अपडेट देते.

वाशीच्या आयोजकांना फोन केला. मसुदा वाचणार का? "वेळ मिळाल्यास." कोण वाचणार? "आमची तज्ज्ञ मंडळी." यादी मागितली, ती अजून अंतिम व्हायची आहे. फी भरत नाहीये.

मागणीपत्रांचं काम सुरू केलंय. अर्ध्या पत्रांवर तापाचा दिवस लिहिलेलाच नाही, तेव्हा या मोसमापासून तो रकाना भरल्याशिवाय नमुना घ्यायचा नाही असं काउंटरवर सांगितलंय. वॉर्डातून शिव्या येतायत. या पावसाळ्याचा डेटा हाती आला की अर्ज, तोवर एथिक्सचं आणि एमएटीचं पत्र. अकाउंट्सला चहा पाजून झाला. त्यांनी वेंडरचं जुनं कोटेशन स्वतःहून काढून दिलं.

मीनलताई, तुम्ही सांगितलात तसा गट आपण इथेच केला तर? ज्यांच्याकडे खरा मसुदा आहे त्यांनीच यायचं. महिन्यातला दुसरा शनिवार, संध्याकाळी. एकदा ठाण्यात, एकदा खारघरला.

मीनल_ठाणे

मी तयार आहे. चौघांपेक्षा जास्त नको, नाहीतर पुन्हा व्याख्यान होईल. आणि गटात एक तरी माणूस आपल्या विषयाबाहेरचा हवाच.

ऐरोली_बायोस्टॅट

मी येतो. माझ्याकडे मसुदा नाही, पण आकडे फाडायला येतो.

नवीन_पनवेलकर

मी नेत्रविभागात आहे. डायबेटिक रेटिनोपॅथीचा मसुदा आहे, पण अगदीच कच्चा. चालेल का?

नौपाड्याचा_आजोबा

चालेल. कच्चाच आणा. फक्त गुरुवारपर्यंत सगळ्यांना मेल करा, तिथे येऊन वाचायला लावू नका. पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो. लिफ्ट बंद आहे, तिसरा मजला.